नाताळची सजावट मुलांच्या हातांनी : चांदणी, गव्हाणी आणि कुलकुल



डिसेंबर उजाडला की बऱ्याच शाळांमध्ये एक ठरलेला कार्यक्रम असतो. बाजारातून लाल टोप्या येतात, कापसाचा बर्फ होतो, थर्माकोलचा बर्फाचा माणूस उभा राहतो. एखाद्या सरांना नाहीतर एखाद्या उंच मुलाला सांताक्लॉज केलं जातं, चॉकलेटं वाटली जातात, फोटो निघतात आणि नाताळ संपतो. मुलांना मजा येते हे खरंच. पण या सगळ्यात मुलांच्या हातांनी काय केलं आणि डोक्यात काय गेलं, असं विचारलं तर उत्तर द्यायला आपण जरा अडखळतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. नाताळ हा काही दूरदेशीच्या बर्फातलाच सण नाही. वसईत, मुंबईतल्या जुन्या गावठाणांमध्ये, नगर, जालना, सोलापूर या भागांत मराठी बोलणारी ख्रिस्ती कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहतात. शेजारी गोवा आहेच. आपल्या वर्गात अशा घरातलं एखादं मूल असेल आणि शाळेतला नाताळ त्याच्या घरच्या नाताळसारखा अजिबात दिसत नसेल, तर त्याच्या सणात तेच पाहुणं ठरतं. म्हणून या लेखात आपल्याकडचा नाताळ समोर ठेवून घरी आणि वर्गात करता येतील अशा चार गोष्टी दिल्या आहेत. फारसा खर्च नाही. गणित, विज्ञान, भाषा आणि इतिहास मात्र भरपूर आहे.

आधी थोडी ओळख

'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज 'नाताल' वरून आला. त्याचा अर्थ जन्माशी निगडित. येशू ख्रिस्ताचा जन्मदिवस म्हणून २५ डिसेंबरला हा सण साजरा होतो. वसई १५३४ ते १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होती, चिमाजी अप्पांनी ती जिंकली. गोव्यात तर पोर्तुगीज त्याहून कितीतरी जास्त काळ होते. त्या सहवासातून मराठीत आलेले शब्द आपण रोज वापरतो : पाव, बटाटा, काजू, चावी, पगार, घमेलं. पाचवी-सहावीच्या मुलांना हे शब्द फळ्यावर लिहून द्या आणि 'यांतले परके कोणते?' असं विचारा. सगळेच परके आहेत हे कळल्यावर चेहरे बघण्यासारखे होतात.

आणखी एक माहिती मोठ्या मुलांना जरूर सांगा. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्लिश जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स इथली भाषा शिकले आणि त्यांनी 'क्रिस्तपुराण' हा ग्रंथ मराठी ओव्यांमध्ये रचला. १६१६ मध्ये तो गोव्यात रोमन लिपीत छापला गेला. म्हणजे येशूच्या जन्माची कथा मराठी ओवीत येऊन चारशे वर्षं उलटून गेली. आणि अगदी अलीकडे, २०२० च्या उस्मानाबाद इथल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते.

आता उपक्रमांकडे वळू.

उपक्रम १ : कामट्यांची चांदणी

नाताळ जवळ आला की ख्रिस्ती घरांच्या दारात चांदणीच्या आकाराचा कंदील लागतो. येशूच्या जन्माच्या वेळी पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना एका ताऱ्याने वाट दाखवली, अशी बायबलमधली कथा आहे. त्या ताऱ्याची ही आठवण.

गंमत म्हणजे जगभर प्रसिद्ध असलेली एक नाताळची चांदणी चक्क गणिताच्या तासाला जन्मली. जर्मनीतल्या नीस्की गावी मोरेव्हियन पंथाची मुलांची शाळा होती. १८३० च्या दशकात तिथे भूमिती शिकवताना मुलांकडून कागदाची अनेक टोकांची चांदणी करून घेत. पुढे ती घरोघरी गेली. आपण तेच करू, पण आपल्या आकाशकंदिलाच्या पद्धतीने.

साहित्य : बांबूच्या ५० सेंटीमीटर लांबीच्या १० पातळ कामट्या, १० सेंटीमीटरचे ५ तुकडे, जाड दोरा, पतंगाचा कागद, खळ, एलईडी बल्ब.

कृती :
१. प्रत्येक कामटीवर एका टोकापासून १९ सेंटीमीटरवर आणि ३१ सेंटीमीटरवर पेन्सिलने खूण करा. कामटीचे १९, १२ आणि १९ असे तीन भाग होतील.
२. पाच कामट्या घ्या. दोन कामट्यांची टोकं जुळवून बांधा. तिसरी, चौथी, पाचवी अशाच जोडत जा आणि शेवटचं टोक पहिल्या टोकाला आणून बांधा. कामट्या एकमेकींना जिथे छेदतात तिथे खुणेवर खूण बसली पाहिजे. बसली की चांदणी अचूक झाली. मग त्या पाच छेदांवरही दोरा गुंडाळा.
३. उरलेल्या पाच कामट्यांची दुसरी चांदणी करा.
४. दोन्ही चांदण्या एकमेकींवर ठेवून फक्त पाच टोकं बांधा. आता आतल्या पाच छेदांपाशी दोन्ही चांदण्यांच्या मध्ये १० सेंटीमीटरचे तुकडे उभे अडकवून बांधा. चांदणी फुगते आणि कंदिलाला पोट येतं.
५. कागद चिकटवा. पुढून-मागून मिळून १० त्रिकोण (बाजू १९, १९ आणि १२ सेंटीमीटर), कडेचे १० त्रिकोण (१९, १९ आणि १०) आणि मधले २ पंचकोन असे एकूण २२ तुकडे लागतात. प्रत्येक तुकडा चारी बाजूंनी एक सेंटीमीटर जास्त कापा, नाहीतर चिकटवायला जागाच उरत नाही. मागचा पंचकोन अर्धा उघडा ठेवा, बल्ब आत सोडण्यासाठी.

कामट्या कडक असतील तर पाण्यात भिजवून घ्या, म्हणजे मोडत नाहीत. पतंगाचा कागद संक्रांतीच्या तोंडावर सहज मिळतो आणि त्यातून प्रकाश छान झिरपतो. कामट्या तासून देणं हे मोठ्यांचं काम. तिसरीपर्यंतच्या मुलांसाठी खराट्याचे हीर घ्या आणि एकच सपाट चांदणी करू द्या.

यातलं गणित : चांदणीच्या प्रत्येक टोकाचा कोन ३६ अंशांचा असतो. पाचवी-सहावीच्या मुलांना कोनमापकाने मोजू द्या आणि पाचही कोनांची बेरीज करायला सांगा. १८० येते, म्हणजे त्रिकोणाच्या तीन कोनांच्या बेरजेइतकीच. मुलांची मोजणी १७६ किंवा १८३ येईल. तिथे खोडून '१८०' लिहायला सांगू नका, कामट्या कुठे सरकल्या ते शोधायला सांगा. दहावीच्या मुलांना 'हे ३६ कसे आले?' असं विचारा. चांदणीभोवती वर्तुळ काढलं की पाच टोकांमुळे ७२ अंशांचे पाच कंस होतात आणि अंतर्लिखित कोन कंसाच्या निम्मा असतो. पुस्तकातलं प्रमेय दारात टांगलेलं दिसतं.

तसंच ५० ला ३१ ने आणि ३१ ला १९ ने भागून बघा. दोन्ही उत्तरं १.६ च्या आसपास येतात. हेच ते प्रसिद्ध सुवर्ण गुणोत्तर. ते चांदणीच्या आकारातच दडलेलं असतं. म्हणून कामट्या कितीही लांबीच्या घेतल्या तरी भाग याच प्रमाणात पाडावे लागतात. '८० सेंटीमीटरच्या कामटीवर खुणा कुठे कराल?' हा प्रश्न मुलांवर सोडा. (उत्तर साधारण ३०.५ आणि ४९.५ येतं.)

सावधगिरी : कागदी कंदिलात मेणबत्ती किंवा तापणारा जुना बल्ब लावू नका. कमी वॅटचा एलईडीच हवा, आणि वायरचा जोड उघडा राहिलेला नाही हे मोठ्यांनी तपासायचं.

उपक्रम २ : गव्हाणीचा देखावा

सांता नसला तरी नाताळ होतो, पण गोठ्याच्या देखाव्याशिवाय कॅथलिक घरातला नाताळ पुरा होत नाही. कथा थोडक्यात अशी. रोमन सम्राट ऑगस्टसने खानेसुमारीचा हुकूम काढला. योसेफ आणि गरोदर मरिया नावनोंदणीसाठी बेथलेहेमला गेले. उतारशाळेत जागा मिळाली नाही. बाळ जन्मलं आणि त्याला गव्हाणीत ठेवलं. बातमी पहिल्यांदा पोचली ती रानात रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना.

ही गोष्ट आपल्या मुलांना समजावून सांगायला वेगळे कष्ट पडत नाहीत. गोठा, गव्हाण, मेंढपाळ हे शब्द आपलेच. शहरातल्या मुलांना मात्र 'गव्हाण म्हणजे काय?' हे सांगावं लागेल : गुरांना चारा घालायची जागा. राजवाडा नाही, पाळणा नाही, चाऱ्याची जागा. ही एक ओळ कळली की जागा नाकारलेल्या कुटुंबाची ही गोष्ट आहे हे मुलांना आपोआप उमगतं. वर्गात चर्चेला यासारखा विषय नाही. आपल्या गावात कामासाठी आलेली, खोली न मिळालेली माणसं मुलांनी पाहिलेली असतात. ऊसतोडीला आलेली कुटुंबं, बांधकामावरची कुटुंबं. मुलं स्वतःहून उदाहरणं देतात. आपण गप्प राहून ऐकायचं.

असा देखावा उभा करण्याची प्रथा संत फ्रान्सिस असिसीकर यांच्याशी जोडली जाते. १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी त्यांनी खरं गवत आणि खरी गुरं ठेवून जन्माचा प्रसंग लोकांना दाखवला होता.

आता देखावा कसा करायचा? दिवाळीत किल्ला केलेल्या मुलांना हे शिकवावं लागत नाही. माती, दगड, पोत्याचा तुकडा, तेच सामान. किल्ल्यावर आपण अळीव किंवा मोहरी पेरतो, तसंच इथेही करायचं. नाताळच्या गोठ्याशेजारी शेत दाखवण्यासाठी पसरट भांड्यात धान्य पेरण्याची पद्धत आहेच.

• पेरणीचं वेळापत्रक मुलांनाच ठरवू द्या. अळीव पाच-सहा दिवसांत हिरवं होतं, मोहरीला आठवडा लागतो, गव्हाला बोटभर वाढायला आठ-दहा दिवस. २४ तारखेला शेत हिरवं हवं, तर कोणतं बी कोणत्या तारखेला पेराल? रोज उंची मोजून तक्ता करा. एक भांडं उन्हात आणि एक कपाटात ठेवा. कपाटातलं रोप उंच पण पिवळं का झालं, हा विज्ञानाचा तास झाला.
• गोठ्यासाठी नारळाच्या झावळ्या, पेंढा, जुने पुठ्ठे, काटक्या घ्या. थर्माकोल नको. महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, हे मुलांनाही माहीत असू द्या.
• मूर्ती शाडूच्या करा. गणपतीतली शाडू उरली असेल तर भिजवून पुन्हा वापरता येते. चेहरे नीट आले नाहीत तरी चालेल. घोंगडी पांघरलेला मेंढपाळ आणि त्याची काठी झाली की पुरे.
• बाळाची मूर्ती आधी ठेवत नाहीत. गव्हाण रिकामी असते आणि २४ च्या मध्यरात्री बाळ ठेवतात. मुलांना ही वाट बघणं फार आवडतं.
• ज्ञानी लोकांच्या मूर्ती दूर ठेवा आणि रोज थोड्या पुढे सरकवा. त्यांचा सण ६ जानेवारीला. गोव्यात रेइश मागूश, चांदर आणि कांसावली इथे तो थाटात होतो. एक कोडं घाला : ते तिघे होते असं बायबलमध्ये कुठे म्हटलंय? कुठेच नाही. भेटी तीन होत्या : सोनं, ऊद आणि गंधरस. त्यावरून माणसंही तीन धरली गेली.

उपक्रम ३ : चार पणत्या आणि सुरूची फांदी

नाताळच्या आधीच्या चार रविवारांपासून 'आगमनकाळ' सुरू होतो. काही घरांत आणि चर्चमध्ये हिरव्या पानांच्या चक्रात चार मेणबत्त्या ठेवतात. पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन अशा पेटवत जातात. हीसुद्धा मुलांसाठी निघालेली युक्ती आहे. जर्मनीत हॅम्बुर्गला योहान हिन्रिख विचर्न नावाचे पाद्री गरीब मुलांसाठी आश्रमशाळेसारखी संस्था चालवत. 'नाताळ आला का?' असं मुलं रोज विचारत. १८३९ मध्ये त्यांनी एक चाक टांगलं आणि त्यावर रोजच्या दिवसांसाठी लहान व रविवारांसाठी मोठ्या मेणबत्त्या लावल्या. प्रश्नाचं उत्तर मुलांनीच मोजून काढायचं.

घरी दिवाळीच्या चार पणत्या रंगवून ताटात ठेवा, भोवती हिरवी पानं मांडा. ज्योतीपासून पानं लांब असू द्या आणि पणत्या मोठ्यांच्या देखत पेटवा. गणिताचं कोडं : आगमनकाळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांमध्ये कधीही येतो. तर २४ डिसेंबरपर्यंत कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती दिवस होतील? (२२ आणि २८.) या वर्षी किती, ते दिनदर्शिकेत पाहू द्या.

झाडाचं म्हणाल तर प्लास्टिकचं झाड विकत घ्यायची गरज नाही, आणि जिवंत झाड तोडायचीही नाही. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर सुरूची फांदी नाताळचं झाड म्हणून लावतात. सुरूच्या बनात वाऱ्याने पडलेल्या फांद्या आणि सुकी फळं मिळतात. ती फळं रंगवली की झाडावर टांगायला सुंदर दिसतात. सुरूची एक 'सुई' मुलाच्या हातात द्या आणि हळूच ओढायला सांगा. ती सांध्यासांध्यातून सुटते. कारण ती सुई म्हणजे पान नसून हिरवं खोड आहे. खरी पानं म्हणजे त्या सांध्यांवरचे बारीक खवले. भिंग असेल तर दाखवा. किनाऱ्यापासून लांब राहणाऱ्यांनी कुंडीतलं कोणतंही झाड सजवावं, अगदी तुळस सोडून कढीपत्तासुद्धा चालेल!

उपक्रम ४ : कुलकुल

गोव्यात नाताळच्या गोडाधोडाला 'कुस्वार' म्हणतात. त्यात नेवऱ्या, दोदोल, बिबिंक, पेरूचं पेराद आणि कुलकुल असतं. नगर-सोलापूरकडच्या ख्रिस्ती घरांत करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या असा आपला ओळखीचा फराळच नाताळला होतो. ताटं भरून शेजारी पाठवायची रीत दोन्हीकडे. मुलांना करायला सगळ्यात सोपं आणि मजेचं म्हणजे कुलकुल. शंकरपाळीची नातेवाईकच म्हणा.

साहित्य : २ वाट्या मैदा, २ चमचे बारीक रवा, २ मोठे चमचे तूप, पाव वाटी पिठीसाखर, चिमूटभर मीठ, भिजवायला साधारण अर्धी वाटी नारळाचं घट्ट दूध, तळायला तेल. (काही घरांत अंडंही घालतात. त्याशिवायही छान होतात.)

कृती :
१. मैदा, रवा, साखर, मीठ एकत्र करून कडकडीत तुपाचं मोहन घाला. गार झाल्यावर चोळून घ्या. मूठ वळली पाहिजे.
२. नारळाचं दूध थोडं थोडं घालत घट्ट पीठ भिजवा. अर्धा तास झाकून ठेवा.
३. बोराएवढ्या गोळ्या करा. काट्याच्या मागच्या बाजूला किंवा कोऱ्या, धुतलेल्या कंगव्याला थोडं तेल लावा, गोळी त्यावर दाबून पसरा आणि एका कडेने गुंडाळत आणा. शंखासारखी रेघांची गुंडाळी होते. कड नीट दाबा, नाहीतर तेलात उलगडते.
४. मध्यम ते मंद आचेवर बदामी रंगावर तळा. आच मोठी ठेवली तर बाहेरून लाल आणि आतून कच्चं राहतं.
५. हवं तर साखरेच्या घट्ट पाकात घोळवा. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा.

वर्गात करायचं असेल तर मुलांनी फक्त वळायचं, तळणं मोठ्यांनी घरी किंवा मुलांपासून दूर. वळता वळता प्रश्न विचारा : मोहन कशाला? (पीठ चिवट न होता खुसखुशीत होतं.) पीठ झाकून का ठेवलं? (मैदा पाणी शोषतो, सैल होतो, वळायला सोपा जातो.) कोणाला नारळ, गहू किंवा दूध-तूप चालत नाही का, हे पालकांना आधी विचारून घ्या.

शिक्षकांसाठी चार सूचना

• वर्गातल्या ख्रिस्ती मुलाला 'तू सांग रे तुमच्यात काय करतात' असं सगळ्यांसमोर अचानक उभं करू नका. आधी त्याला आणि घरच्यांना विचारा. आजी किंवा आई यायला तयार असतील तर कुलकुल वळायला बोलवा. तो तास मुलं विसरत नाहीत.
• सगळ्यांच्या घरी सारखा नाताळ नसतो. काही पंथांत गोठ्याचा देखावा नसतो, काही जण झाड लावत नाहीत. 'ख्रिस्ती लोक असं करतात' पेक्षा 'वसईतल्या अनेक घरांत असं करतात' असं बोला.
• एखादे पालक 'हे कशाला?' असं विचारतील. चिडू नका. ईदचा शीरखुर्मा, पोंगल, बैसाखी यांची माहिती देतो तशीच ही देतोय, कुणाला पूजा करायला लावत नाही, हे शांतपणे सांगा आणि चांदणीचं गणित दाखवा. मुलाला लाल टोपी किंवा पोशाख विकत आणायची सक्ती करू नका.
• सजावट पालकांनी रात्री जागून करून द्यायची नाही. वाकडी चांदणी मुलाची असते, सरळ चांदणी बहुतेक वेळा बाबांची!

पालकांना वेळापत्रक सोपं जावं म्हणून : पहिल्या आठवड्यात पणत्या, दुसऱ्यात चांदणी, १४-१५ तारखेला गव्हाची पेरणी, २० नंतर गोठा आणि सुट्टी लागली की कुलकुल. एवढं सगळं नाही जमलं तर एकच करा, पण मुलाला पूर्ण करू द्या. आणि कुलकुलचा एक डबा शेजारी पाठवायला विसरू नका.

तुमच्या गावात, तुमच्या घरी नाताळला काय करतात तेही मुलांना विचारून वहीत लिहून ठेवायला सांगा. पुढच्या डिसेंबरात तीच वही तुमचा पाठ होईल.

सर्वांना नाताळच्या शुभेच्छा!